दिवेलागणीचा बाबा

मी आजवर जेवढी पुरुषपात्रं केली, त्यात सगळ्यात जास्त प्रयोग माझ्या नवऱ्याचे झाले. कॉलेजात असताना आमच्या चिंचवडच्या मंडळाच्या नाटकात मी दोनदा हवालदार आणि एकदा राजाचा प्रधान झाले होते, कारण मंडळातल्या पोरांना मिशा चिकटवल्या की शिंका यायच्या आणि मला यायच्या नाहीत. लग्नानंतर मिशा सुटल्या, नकला राहिल्या. सासर लातूरकडचं. तिकडच्या मंडळींपैकी असं कुणी नाही ज्याची नक्कल मी त्याच्या माघारी केलेली नाही. दोघातिघांची तर त्यांच्या समोर बसून केली, आणि तेच सगळ्यांत जास्त हसले.

नवरा मात्र नकलेला अवघड. समोर मी त्याला अहो म्हणते, इथे कागदावर जरा मोकळीक घेते. दिवसाला चार वाक्यं बोलणार, त्यातली दोन डब्याबद्दल. चाकणला मोटारींचे दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीत तो प्रेसवर आहे. पत्र्याचं पान आत जातं, धाडकन आवाज होतो, दरवाजा बाहेर येतो. एवढा आवाज रोज ऐकल्यावर घरी येऊन माणूस काय बोलणार, असं मी त्याच्या वतीने सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे तो चाकणला लागण्याआधीही असाच होता.

आम्ही निगडी ओलांडून देहूरोडच्या बाजूला एका जुन्या गावकऱ्यांच्या इमारतीत भाड्याने राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, समोर जिन्याची छोटी मोकळी जागा. मी चाळिशी ओलांडल्यावर आम्हाला मुलगा झाला. तोपर्यंत आम्ही आशा सोडून तिच्या जागी फ्रिज घेतला होता. बारशाला मी स्वतःच इतकी बोलले की नाव ठेवायला आलेल्या आत्याबाईंना बोलायला मिळालं नाही.

मुलगा गोरागोमटा, शांत. फार शांत. वाटी जमिनीवर गरगर फिरवायचा आणि ती थांबेपर्यंत श्वास रोखून बघायचा. हाक मारली तर वळायचा नाही. वाटी वाजली की वळायचा, म्हणजे कान ठीक होते. तिसरं वर्ष लागून सरत आलं तरी शब्द नव्हता. मग डॉक्टर, मग दुसरे डॉक्टर, आणि शेवटी पिंपळे सौदागरमधल्या एका दवाखान्यात एका बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की याला स्वमग्नता आहे. त्या चांगलं समजावून सांगत होत्या. मी त्यांच्या हातवाऱ्यांकडे बघत होते, सवयीने. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काही शंका?"

माझ्याकडे शंकांचं पोतं होतं. पण नवरा आधी बोलला. "मला बाबा म्हणंल का हा?"

त्या म्हणाल्या, "प्रयत्न करत राहू."

परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत त्या दिवसाची त्याची वाक्यं संपली होती. पण तो प्रश्न आमच्या घरी राहायला आला तो आलाच. मुलाने काय शिकावं, शाळेत जावं का, पुढे कसं होणार, हे माझे प्रश्न. त्याचा एकच.

त्याच दवाखान्यात मुलांना खेळातून शिकवणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणते, कारण ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, पण मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला मम्मा म्हणायची. सगळ्याच आयांना ती मम्मा म्हणायची. तिने सांगितलं की आठवड्यातून दोनदा इथे येऊन काही होणार नाही, खरं काम घरी, खेळातून. मला तर हुकमाचा एक्का हातात आल्यासारखं झालं. खेळ? घरी? मी? मी मोज्यांचे हत्ती केले. पातेलं डोक्यावर घालून राजा झाले. कांद्याच्या आणि बटाट्याच्या लग्नात मी दोन्हीकडची वरमाय झाले आणि मानपानावरून स्वतःशीच भांडले. खालच्या मजल्यावरची कामवाली पायरीवर बसून हसून हसून लाल झाली.

मुलगा पंख्याकडे बघत होता.

कंटाळून उठून जाणारा प्रेक्षक मी पाहिलेला आहे. हा उठतही नव्हता आणि बघतही नव्हता. महिनाभर मी माझं सगळं भांडवल त्याच्यापुढे ओतलं.

ताईने मोबाइलवरचं चित्रण बघितलं आणि म्हणाली, "मम्मा, तुम्ही फार करता."

"म्हणजे?"

"तुम्ही इतकं करता की त्याला काही करायला उरत नाही. एकच खेळ घ्या. रोज तोच, त्याच वेळी, तेच शब्द. आणि मध्ये जागा सोडा. त्याने भरायची."

"किती वेळ सोडायची?"

"तुम्हाला नको वाटेल इतका वेळ."

नटीला याहून कठीण काही सांगता येत नाही. मग ती म्हणाली, बाबा घरी येण्याचा खेळ घ्या, मुलांना तो लवकर कळतो. दार वाजतं, कोण आलं, बाबा आला. "बाबा किती वाजता येतात?"

मी सांगायला लागले. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, तेव्हा चारला सुटतात, पण ओव्हरटाइम असला की रात्र होते, आणि नसला तरी चाकणच्या चौकात बस अडकली की काही खरं नाही. एक आठवडा सेकंड, तेव्हा येतात ते मध्यरात्र उलटून. एक आठवडा नाइट, तेव्हा सकाळी येऊन झोपतात ते दिवे लागेपर्यंत. ताईने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग दुसरा खेळ घेऊ," ती म्हणाली.

पण माझं तोवर ठरलं होतं. वेळ पक्की पाहिजे ना, मग बाबाही पक्का घेऊ.

कंपनी दोन शर्ट देते. निळसर राखाडी, खिशावर चिन्ह. एक अंगावर, एक दांडीवर. दांडीवरचा मी घेतला. जुने सेफ्टी बूट माळ्यावर होते, पुढे लोखंडाची टोपी असलेले, त्यात कापूस कोंबला. गळ्यात जुनं ओळखपत्र, डोक्यावर टोपी, हातात डबा. आणि चाल. इतकी वर्षं मी जी नक्कल जमत नाही म्हणत होते, ती आरशासमोर उभी राहिले तशी आपसूक आली. डावा पाय जरा ओढायचा, खांदा डब्याच्या बाजूला, दारात आल्यावर नाकाने श्वास सोडायचा, जशी टायरमधली हवा. आणि मग एकच शब्द. "झालं."

दिवेलागणीला मी दिवा लावायचे, मुलाला दाराच्या आत उभं करायचे, बाहेर जायचे, दार ओढून घ्यायचे. जिन्यात शर्ट चढवायचा, बूट घालायचे. टक, टक, टक. बाहेरूनच माझ्या आवाजात, "कोण आलं?" मग जागा सोडायची. नको वाटेल इतकी. मग, "बाबा आला," आणि आत. टोपी मुलाच्या डोक्यावर. डबा त्याच्या हातात. डब्यात एक खजूर. त्याने डबा मोरीपर्यंत न्यायचा, मी बूट काढायचे, ते त्याने घालायचे आणि घरभर धाड धाड चालायचं. संपलं.

पहिल्याच आठवड्यात जिन्यात घरमालकीणबाईंनी गाठलं. साठीच्या पुढच्या, मूळच्या इथल्याच, या रस्त्यावर भातखाचरं होती तेव्हापासूनच्या. मी एका पायात बूट घालून दुसरा शोधत होते.

"काय गं, तू बी लागलीस व्हय कंपनीत?"

"नाही मावशी, घरीच."

"घरीच कुटं? ही कापडं तं कंपनीची हायती."

"खेळतेय. पोराबरोबर."

त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. "आन् धनी काय करत्यात?"

"झोपलेत आत."

हे खरं होतं. नाइटचा आठवडा होता. आतल्या खोलीत खरा बाबा घोरत होता आणि जिन्यात दुसरा बाबा यायच्या तयारीत होता. मावशी दोन पायऱ्या खाली गेल्या, पुन्हा वळल्या. "येडी हायेस," म्हणाल्या, आणि त्यात जरा माया होती.

आणि खेळ लागला. हळूहळू लागला, पण लागला. आधी तो दारापाशी उभा केलं तर राहायला लागला. मग मी दिवा लावला की आपण होऊन जाऊन उभा. मग डबा घ्यायला दोन्ही हात पुढे. आणि एके संध्याकाळी, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवत होते तेव्हा, टोपीच्या खालून त्याने वर बघितलं. माझ्या डोळ्यांत. बूट घालून चालताना तो हसला, मोठ्याने, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा. मी चाळीस माणसांच्या टाळ्या घेतल्यात, पण तेव्हा मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

त्याच आठवड्यात कधीतरी नवरा बुटांच्या आवाजाने उठून आतल्या दारात येऊन उभा राहिला. मी "झालं" म्हणून आत शिरत होते. तो डोळे चोळत स्वतःला घरात येताना बघत होता.

रात्री जेवताना म्हणाला, "मी असा चालतो?"

"असाच."

"कधीपासून?"

"लग्नात हार घालायला आलात तेव्हापासून."

भाकरीचा तुकडा त्याने कालवणात दोनदा बुडवला. मग म्हणाला, "हसायलंय की पोरगं." आणि ड्यूटीला गेला.

शब्द आला तो सेकंड शिफ्टच्या आठवड्यात. मी जिन्यात उभी होते, टक टक टक झालं होतं, कोण आलं झालं होतं, आणि जागा सोडून मी गप्प होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी पोळ्या लाटत होतं. आतून आलं, "बा."

मी ऐकलं ते खरं की माझ्या मनातलं, कळेना. पुन्हा टक टक. पुन्हा, "बा."

दुसऱ्या दिवशी मोबाइल जिन्याच्या कठड्यावर टेकवून मी ते टिपलं आणि नवऱ्याला पाठवलं. प्रेसवर मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्याने ते जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बघितलं. त्याचा फोन आला. मागे ताटांचा आवाज, कुणीतरी हिंदीत ओरडतंय. तो कमी आवाजाच्या कोपऱ्यात गेला. मग म्हणाला, "मला म्हणला?"

मी म्हणाले, "मग काय शेजाऱ्याला?"

गोड खोटं बोलायला माझ्याइतकं पटकन कुणाला येत नाही.

पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आली आणि त्याने ओव्हरटाइम नाकारला, जे त्याने कधी केलं नव्हतं. साडेपाचला घरी आला. मुलगा वाटी फिरवत होता, त्याने मान वर केली नाही. ते नेहमीचंच. नवऱ्याने चहा घेतला, आणि दिवे लागायच्या आधी बूट पुन्हा घालून खाली उतरला. मी मुलाला दारापाशी उभं केलं. बूट जिना चढायला लागले. खरे बूट, खरा शर्ट, आणि चाल तर मूळ प्रत. टक टक टक.

मी आतून म्हणाले, "कोण आलं?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. शब्द नाही. जागा मोठी मोठी होत गेली. शेवटी मीच म्हणाले, "बाबा आला," आणि दार उघडलं. नवऱ्याने टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. मुलाने ती काढली. त्याच्या मनगटाला धरलं, त्याला वळवलं, उंबऱ्याबाहेर नेलं, आणि दार लावलं.

मग माझा हात धरून मला दांडीपाशी नेलं. शर्टाकडे बघून ओरडायला लागला.

नवरा बाहेर होता. दाराची फळी पातळ आहे, त्याला सगळं ऐकू येत होतं. मी दार उघडलं तेव्हा तो जिन्यात बुटांची नाडी सोडत बसला होता. "दे त्याला," म्हणाला. "कर तू. नायतर झोपणार न्हाई तो."

मी शर्ट चढवला. टक टक. "बा," आतून आलं. नवरा माझ्या पायाशी, पायरीवर बसलेला.

मी हार मानणारी बाई नाही. मी त्याची तालीम घ्यायची ठरवली. स्वयंपाकघरात, मुलगा झोपलेला असताना, मी माझ्या नवऱ्याला माझा नवरा शिकवत होते.

"असं नाही. तुम्ही डावा पाय ओढता."

"ओढतो की."

"ते खरं ओढता. मी जरा जास्त ओढते. तेवढं ओढा."

तो ओढायचा. वीतभर जास्त.

"इतकं नाही. लंगडे वाटता. आणि श्वास."

"कसला श्वास?"

"दारात आल्यावर सोडता तो."

"मी सोडतो?"

"इतकी वर्षं सोडताय."

मग तो दारात येऊन श्वास सोडायचा, वैद्यांना दाखवल्यासारखा. मी हसून कट्ट्याला टेकायचे. तोही हसला एकदोनदा. मला आठवतं, त्या तालमींत आम्ही जितकं हसलो तितकं त्याआधी काही वर्षं हसलो नव्हतो. पण संध्याकाळ झाली, तो जिना चढला, दार वाजलं, की मुलगा त्याला मनगटाला धरून बाहेर काढत असे. राग नव्हता त्यात. चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू उचलून ठेवावी, तसं.

मी ताईला विचारलं.

"मम्मा, तो माणसाला म्हणत नसेल. दार वाजणं, तुमचा आवाज, शर्ट, टोपी, खजूर, हे सगळं मिळून त्याच्यासाठी बा आहे. त्यातलं काही बदललं की ते बा राहत नाही."

"पण मी आई आहे हे त्याला कळतं ना? की मी नाटक करतेय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित कळत असेल. कदाचित त्याच्यासाठी ते नाटक नसेलच." आणि मग, "एकेक गोष्ट बदलून बघा. हळूहळू बाबांना आत आणा."

आम्ही बघितलं. बूट नवऱ्याच्या पायात, शर्ट माझ्या अंगात, दोघं एकामागोमाग एक आत. मुलाने मला आत घेतलं आणि बुटांना बाहेर काढलं. नवऱ्याने फक्त डबा धरला, बाकी मी. मुलाने डबा घेतला नाही. मी न धुतलेला शर्ट नवऱ्याला घातला, वास तोच राहावा म्हणून. आवाज माझा, अंग त्याचं, हेही केलं, मी जिन्यात त्याच्या पाठीमागे लपून बोलत होते आणि मावशी कपडे वाळत घालायचं सोडून बघत होत्या. "दोघं बी गेली कामातून," त्या कुणाला तरी म्हणाल्या. काही झालं नाही. उलट एकदा मुलगा इतका रडला की पुढचे कितीतरी दिवस मलाही बा म्हणेना, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. एकुलता एक शब्द होता. तोही आपण हलवून हलवून सांडला की काय, ही भीती.

शब्द परत आला. पण नवऱ्याने नाद सोडला. ओव्हरटाइम पुन्हा सुरू केला. घरी असला तर दिवेलागणीला आतल्या खोलीत जाऊन बसायचा, म्हणजे मुलाला बाहेर काढायची तसदी नको. मी म्हणाले, ताईने सांगितलंय प्रयत्न सोडू नका. तो म्हणाला, "तुला म्हणतोय की. म्हणू दे."

लातूरहून सासूबाईंचा फोन यायचा. पोरगं बापाला हाक मारतंय का? मी मोठ्याने सांगायचे, मारतंय की, रोज मारतंय. नवरा समोर बसून ऐकायचा आणि फोन मागायचा नाही.

त्यानंतर जे झालं ते ठरवून झालं नाही. नाइटचा आठवडा होता, तो लवकर उठला होता आणि पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा मी निघण्याच्या घाईत होते. शर्टाच्या बटणात माझी ओढणी अडकायची म्हणून मी ती काढली, ठेवायला जवळ काही नव्हतं, त्याच्या अंगावर टाकली आणि जिन्यात जाऊन दार ओढलं. मग लक्षात आलं की तो आतच राहिला. आता मुलगा त्याला आतल्या खोलीत ढकलणार, तो रडणार, आजची संध्याकाळ गेली.

आतून रडणं आलं नाही. मी टक टक केलं. माझा आवाज केला. "बा." मी दार उघडलं. मुलगा दारापाशी होता आणि त्याच्या मागे नवरा, खांद्यावर माझी पिवळी ओढणी, हातात पाण्याचा तांब्या. मुलगा एका हाताने त्या ओढणीचं टोक धरून उभा होता. त्याने टोपी घातली, डबा घेतला, खजूर खाल्ला, बूट घालून घर दणाणून सोडलं. नवरा तिथेच, खांब असल्यासारखा. हलला तर मोडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच ओढणी मागितली.

ताईला सांगितलं तेव्हा तिला हसावं की काय करावं कळेना. खेळात आई आत असायला हवी आणि ती जागा रिकामी होती, त्या जागेवर त्याने बाबांना घेतलं असेल, असं ती म्हणाली. हे चांगलं आहे का, मी विचारलं. "ते आत आहेत," ती म्हणाली. याहून जास्त तिला काही म्हणता येईना आणि मीही मागितलं नाही.

आता बरेच महिने झाले. दुसरा शब्द आलेला नाही. तो बा मोठाही झाला नाही, बाबा झाला नाही. दिवसभरात कुठेही, कुणालाही तो म्हटला जात नाही. बागेत नाही, फोनवर नाही, तापात नाही. नवरा सकाळी त्याला आंघोळ घालतो, केस पुसतो, भरवतो, आणि मुलगा त्याच्या खांद्यापलीकडे पंख्याकडे बघतो. दवाखान्यातल्या बाई अजून प्रयत्न करत राहू म्हणतात. पूर्वी त्या असं म्हणताना आमच्याकडे बघायच्या. मुलगा वाढतोय. माझे बूट त्याला अजून मोठे होतात, पण एक दिवस होणार नाहीत, आणि हा खेळ तेव्हा कसा दिसेल याचा विचार मी करत नाही.

सेकंड शिफ्टचा आठवडा सोडला तर नवरा आता दिवेलागणीला घरी असतो. ओढणी घेतो, दारामागे उभा राहतो. आणि एक गोष्ट त्याने माझ्यापासून लपवून केली. माझी नक्कल. कुठे तालीम केली कोण जाणे, बसमध्ये की प्रेससमोर, जिथे कुणाला ऐकू येत नाही. एके संध्याकाळी मी टक टक करून तोंड उघडणार, तोच आतून माझा आवाज आला. "कोणऽ आलं?" शेवटचा स्वर तसाच लांबवलेला, तशीच जरा आगाऊ. मी जिन्यात हादरून उभी. आयुष्यभर लोकांच्या नकला करणाऱ्या बाईला आपण कसे बोलतो ते कळण्याची ही रीत नव्हे. मुलाने तो आवाज चालवून घेतला.

परवाची गोष्ट. मी जिन्यात शर्टाची बटणं लावत होते आणि आतून बोलणं ऐकू आलं. फळी पातळ आहे. नवरा मुलाशी बोलत होता, माझ्या आवाजात, हळू. माझा आवाज अधूनमधून निसटून त्याचा लातूरचा आवाज वर यायचा.

"येतील हं बाबा. आता येतील. बाबा लांब जातात ना, चाकणला. तिथं लई मोठी मशीन असती. धाड करून वाजती. बाबाला घरची आठवण येती तिथं. तुझी येती. मग बाबा बसमध्ये बसतेत, आन् बस अडकती चौकात, आन् बाबा खिडकीतून बघत बसतेत. बाबाला तू लई आवडतो. बाबाला बोलता येत न्हाई फार, पण लई आवडतो."

इतकी वाक्यं. मी मोजली नाहीत. मुलगा काय करत होता ते मला दिसत नव्हतं. रडत नव्हता, एवढं खरं. मी दारावर ठोकायला हात उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. वेळ झाली होती, खालच्या मजल्यावरचे दिवे लागले होते. आणखी एक वाक्य होऊ दे, मी म्हणत होते, आणखी एक. आत नवरा बसच्या खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत होता.

मग मुलाची कुरकुर सुरू झाली. उशीर त्याला चालत नाही. ती वाढायला लागली तसा नवऱ्याचा आवाज घाईत आला आणि थांबला.

मी टक टक केलं.

"कोणऽ आलं?"

"बा."

दार नवऱ्याने उघडलं. ओढणी त्याने डोक्यावरून घेतली होती. मी डावा पाय ओढत आत गेले, श्वास सोडला, मुलाला टोपी घातली, डबा त्याच्या हातात दिला. तो डबा घेऊन मोरीकडे निघाला. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि अजून माझ्याच आवाजात होता.

"दमलात का हो?" त्याने विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "लई."